भिंतीतलं पाणी

“भिंत माझी आणि ओल त्याची. असं किती दिवस सोसायचं, बाबा?”

रघुवीर ताम्हनकरांनी हे काही पहिल्यांदाच विचारलं नव्हतं. मिरजेबाहेरच्या तकियात नूरबाबा नावाचे वृद्ध फकीर राहत. रघुवीर दर गुरुवारी त्यांच्याकडे जात, एखादी चीज गात आणि मग हळूच भिंतीच्या विषयावर येत.

घर आजोबांनी बांधलेलं. खाली थोरले रघुवीर गाण्याच्या शिकवण्या घेत, वर धाकटा जयवंत राहत असे. जयवंतच्या मोरीच्या बरोबर खाली रघुवीरांची गाण्याची खोली. तिथल्या भिंतीला ओल आली, गिलाव्याचे पोपडे सुटले आणि एक दिवस कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बुरशी दिसली. तंबोरा वडिलांचा. रघुवीर वर जाऊन भावाला नाही नाही ते बोलले. जयवंतने निमूटपणे मोरी फोडली, नव्याने बांधून घेतली.

ओल गेली नाही. मग बोलणंच गेलं.

मे महिन्यात जयवंत वरचं घर बंद करून सासुरवाडीला गेला होता, तेव्हा भिंत सुकली होती का, असं बाबांनी विचारलं.

“नाही. जुनी ओल ती... इतक्यात कशी सुकेल?”

बाबा काठी टेकत उठले. त्यांना भिंत बघायची होती.

घरी आल्यावर बाबांनी खालचे सगळे नळ बंद करायला सांगितले. रघुवीरांनी न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत एकेक नळ स्वतः आवळला. मग दोघांनी भिंतीला कान लावले.

सूं...

“ऐकलंत? रोज चालतं हे. यावर तंबोरा लावीन मी. त्याचंच पाणी.”

बाबा अंगणात गेले. पायरीशेजारी रघुवीरांच्या नळाचा मीटर होता. वरच्या मजल्याचा वेगळा, पलीकडच्या बाजूला. बाबा काठीवर भार देऊन वाकले आणि लहान मुलासारखे काचेत बघत राहिले. आत एक चिमुकलं चक्र फिरत होतं.

“तुझे नळ बंद आहेत ना?”

“आहेत.”

“मग हे कुणासाठी फिरतंय?”

रघुवीरही वाकले. चक्र थांबेना.

मीटरजवळचा कॉक गंजला होता. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून तो बंद केला. चक्र थांबलं. ते तसेच आत गेले आणि पुन्हा भिंतीला कान लावला.

...

काही नाही. आपल्या घराची ही शांतता त्यांना ओळखीचीच वाटेना.

त्यांनी नखाने गिलावा खरवडला. ओला चुना गळून पडला आणि आत लोखंडी नळी दिसली. आजोबांनी घातलेली, त्यांच्याच स्वयंपाकघराकडे जाणारी, पुरती गंजलेली. ती तिथे आहे हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

रघुवीर खाली बसले. मग बोलतच सुटले. उद्याच नळकाम करणाऱ्याला बोलावतो, नवी नळी भिंतीबाहेरून घेतो, गिलावा करून घेतो... बोलता बोलता त्यांना जयवंत आठवला. फोडलेल्या मोरीची घमेली डोक्यावर घेऊन जिना उतरणारा. त्या दिवशी त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

“बाबा, त्याच्याकडे कुठल्या तोंडाने जाऊ? जाऊन म्हणू तरी काय?”

बाबांनी उपरण्याने कपाळावरचा घाम पुसला. ते पाहून रघुवीरांच्या पत्नी पाणी द्यायला माठाकडे वळल्या. बाबांनी हातानेच त्यांना थांबवलं.

“मला तहान लागली आहे, रघुवीर. वरून तांब्याभर पाणी आण.”