ओ न देणारी नावशाळा

एका राज्यात राजाची नावा बांधायची नावशाळा होती. तिथली नवी अधिकारीण चारुमती. पहिल्याच सकाळी तिने हुकूम दिला, "फळ्या उचला." कामकऱ्यांनी उचलल्या. पण उचलण्याआधी सगळ्यांच्या माना डांबराच्या काहिलीकडे वळल्या. तिथे येसाक्का काहील ढवळत बसली होती. तिने मान हलवली, तेव्हा पहिली फळी हलली.

येसाक्काला ना हुद्दा, ना मुद्रा. पण भांडण मिटवायचं तर तिच्यापाशी, सोयरीक जुळवायची तर तिच्यापाशी.

चारुमतीला ते खटकलं. ती मुळातच भित्री, हातोडा पडला तरी दचकणारी. तिच्या बोटात राजाने अंगठी घातली होती आणि म्हटलं होतं, "ही असेल तोवर तुझा हुकूम कुणी मोडणार नाही." अंगठीला कुणा मांत्रिकाचा शाप होता, हे राजालाही ठाऊक नव्हतं.

तिचे वडील नारोबा नावशाळेचे आधीचे अधिकारी. त्यांचं जहाज दूर वाळूच्या बेटावर अडकलं होतं, आणि ते बेट दर भरतीला थोडं थोडं बुडत होतं. त्यांना आणायची नाव इथे बांधली जात होती. रोज ओहोटीला चारुमतीच्या उशाचा शंख वडिलांच्या आवाजात विचारी, "चारू, नाव निघाली का गं?"

"निघतेय, आबा," ती म्हणे. मग शंख गप्प होई, आणि ती कितीतरी वेळ त्याला कानाशी धरून बसे.

उधाण जवळ आलं. त्या भरतीत बेट पुरतं बुडणार होतं. चारुमतीने येसाक्काला बोलावलं. "तुम्ही मिठागरावर जा. इथे हुकूम एकाचाच चालेल."

"बरं बाई," येसाक्का म्हणाली आणि खाडीपलीकडे निघून गेली.

नाव लोटायचा दिवस आला. रीत अशी, की नाव ज्याला आणायला जायची त्याच्या नावाने हाक मारायची आणि दोराला लागलेल्यांनी ओ द्यायची. ती ओ ऐकल्याशिवाय नावेचा तळ सुटत नसे. चारुमती चौथऱ्यावर चढली. "नारोबा हो!"

दोर ताणले गेले. ओ कुणी दिली नाही.

"ओ द्या," तिने हुकूम केला. सगळ्यांनी एका सुरात दिली. नाव तसूभर सरकली नाही.

"हुकमाची ओ आहे, बाई," रायाजी सुतार घाम पुसत म्हणाला. "माणसं फसतील, नाव कशी फसेल?"

डोलकाठीवर खंड्या पक्षी बसला होता. तो बोलला, "अंगठीला शाप आहे. हुकूम पाळला जाईल, हाकेला ओ मिळणार नाही. उतारा येसाक्का जाणते."

"ती माझ्याशी बोलेल?"

"ते मला काय ठाऊक? मला माशांचं विचार."

चारुमती मिठागरावर गेली. येसाक्का मीठ ओढत होती. "पाय भाजतील. माझ्या सावलीत ये," ती म्हणाली.

"तुमची सत्ता मला द्या."

"माझी कुठली? ती त्या कामकऱ्यांची. रोज जाऊन मागावी लागते." येसाक्काने फावडं टेकवलं. "तीन कामं कर. रायाजीच्या हातोड्याला विचार, का रडतोस. शिडाला विचार, कुणाची वाट बघतंस. मग अंगठीला विचार, मी कशाला भिते."

"तुम्ही चला ना माझ्याबरोबर."

"मी आले तर ओ मला मिळेल."

चारुमती परतली. हातोडा म्हणाला, "रायाजीचा धाकटा भाऊ नारोबांच्याच जहाजावर आहे. शंख तुझ्याकडे आहे. त्याच्याकडे काही नाही."

शीड म्हणालं, "मला शिवणाऱ्या हौसाचा नवरा तिथेच आहे. ती टाका घालते नि दाराकडे बघते."

चारुमतीला रडू आलं. इतके दिवस तिला वाटत होतं, वाट बघणारी ती एकटीच. तिने अंगठी कानाशी नेली. अंगठी म्हणाली, "हाक मारशील आणि कुणी वळून बघणार नाही, याला तू भितेस. म्हणून हुकूम देतेस."

ती रायाजीकडे गेली. "तुमच्या भावाचं नाव काय?"

रायाजीने रंधा थांबवला. "आज विचारताय?"

"उशीर झाला. तरी सांगा."

"खंडेराव. आम्ही खंडू म्हणतो."

मग ती हौसाकडे गेली. मग एकेकाकडे. कुणी सांगितलं, कुणी पाठ फिरवली.

उधाणाचं पाणी नावशाळेच्या उंबऱ्याला लागलं. चारुमती चौथऱ्यावर चढली नाही. तिने अंगठी ओढली, ती निघेना. तशीच ती दोराच्या शेवटच्या टोकाला लागली, जिथे चिखल असतो. तळहात सोलला. तिने हाक मारली, आणि या वेळी वडिलांना नाही.

"खंडू हो!"

पाणी चढत होतं. काहील थंड होती. कुणाची मान कुठेच वळली नाही. तरी तिने पुन्हा हाक मारली. आवाज चिरकला.

"खंडू हो!"

पुढून, दोराला खांदा लावलेल्या रायाजीने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. अंगठीला चीर गेली.

"ओ," रायाजी म्हणाला, आणि नावेच्या तळाखालची वाळू सुटली.