भिवबाची साखर उतरली

वडगोळी गावात भिवबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. शेत वाट्यानं दिलेलं, त्यामुळे दिवसभराचं काम म्हणजे ओट्यावर बसणं आणि बायको चांगुणा वाढेल ते खाणं. पानाच्या टपरीपर्यंत जायचं तरी तो मोटारसायकल काढायचा. होता होता त्याला स्वतःच्या पायातली चप्पल दिसेनाशी झाली.

एकदा घेरी आली म्हणून त्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, साखर वाढलीय, रक्तदाब वाढलाय, पोटावर चरबी साठलीय. असंच चाललं तर हृदय आणि किडनी, दोन्ही जातील. खाणं आवरा, चाला. दिवाळीनंतर रक्त तपासू. साखर उतरली नसेल, तर रोज सुई. हृदयाचं ऐकून भिवबाला काही वाटलं नाही, पण सुईच्या नावानं हातपाय गार पडले. बैलाला टोचताना बघूनसुद्धा तो एकदा आडवा झाला होता.

"सांगाल तसं करतो," तो म्हणाला. आणि खरंच, तसंच केलं.

डॉक्टरांनी आठवड्यातून एक उपास सांगितला होता. भिवबानं तो कडक पाळला. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी तुपातली रताळी, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू. भाकरीला म्हणून शिवला नाही. वजन वाढलं. डॉक्टर वैतागून म्हणाले, जे पुढ्यात येईल ते अर्धं करायचं.

भिवबानं रक्तदाबाची गोळी अर्धी केली. फिरायला निघाला, तो अर्ध्या वाटेत थांबला आणि पुतण्याला मोटारसायकल घेऊन बोलावलं. पुन्हा घेरी आली. डॉक्टर म्हणाले, अहो, सुरू केलेलं पुरतं संपवायचं असतं, अर्धं टाकायचं नसतं.

पुढच्याच आठवड्यात पाटलांकडे लग्न होतं. जिलबीचं ताट आलं. भिवबानं ते सुरू केलं आणि पुरतं संपवलं. शेजारच्या पानावर कुणी अर्धी जिलबी टाकली होती, तीही संपवली. पंगतीतून त्याला उचलून न्यावं लागलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"जे तुम्हाला सोसत नाही, ते असेल तिथं स्वतः जाऊच नका. घरातलं दुसरं कुणी पाठवा."

"हे आधी सांगायचं होतं," भिवबा म्हणाला.

दिवाळी झाली. रक्त तपासायचा दिवस आला. सुई काही भिवबाला सोसत नव्हती, म्हणून त्यानं चांगुणाला पाठवलं. ती बिचारी नाहीतरी उपाशीच असायची. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, आणि एरवी भिवबाचं जेवून उरेल तेवढं. धुणी, पाणी, जनावरं यांतून तिला बसायला कधी सवड मिळाली नव्हती. तिनं डॉक्टरांनी नवऱ्याच्या नावानं दिलेली चिठ्ठी पुढं केली. तपासणाऱ्यानं मान वर न करता रक्त काढलं.

रिपोर्ट घेऊन भिवबा डॉक्टरांसमोर बसला. बाहेर रांग होती. डॉक्टरांनी कागद पाहिला, माणूस पाहायला वेळ नव्हता.

"शाबास. साखर उतरली, चरबी उतरली. पण अंगात रक्त नाही हो. फार आबाळ झालीय. पोटभर खा आणि कष्टाची कामं बंद करा."

भिवबाला भरून आलं. आपलं दुखणं शेवटी कुणाला तरी कळलं, असं त्याला वाटलं. घरी येऊन तो पोटभर जेवला, मग चांगुणाच्या वाटणीची भाकरीही त्यानं पुढ्यात ओढली.

चांगुणा भिंतीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टर काय म्हणाले, असं तिनं विचारलं.

"माझ्या अंगात रक्तच नाही म्हणे," भिवबा खाता खाता म्हणाला. "कष्ट बंद सांगितलेत. उद्यापासून पाण्याचा तांब्या मला जागेवर आणून देत जा."