चुंबक दूर केल्यावर

"मग उद्या ससे घ्यायचे ना, बाई?"

विश्वजितने परवानगीचा कागद पुढे सरकवला. त्याच्या मार्गदर्शक केळुसकर बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. "आधी दाखव."

दाखवायला तो एका पायावर तयार होता. तीन वर्षं त्याने ह्या एका कुपीत घातली होती. पाण्यात लोखंडाचे कण, इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना कोऱ्या चहासारखं पाणीच दिसावं. प्रत्येक कणाच्या अंगावर कॅन्सरचं औषध चढवलेलं. कण शिरेतून सोडायचे आणि बाहेरून गाठीवर चुंबक धरायचा. औषध गाठीपाशी जमणार, स्कॅनमध्ये ती जागाही उठून दिसणार. आधी सशांवर, मग माणसांवर.

त्याने कुपीला चुंबक लावला. सगळा काळेपणा सर्रकन एका बाजूला गोळा झाला.

"दोन सेकंद! बाकीच्यांना बारा लागतात. मी कण मोठे केले, बाई. एवढी ओढ कुणाच्याच कणांत नाही."

त्याची छाती अशी फुगली होती की ॲप्रनचं बटण तुटायचंच बाकी होतं.

"छान," बाई म्हणाल्या. "चुंबक दे."

त्यांनी तो घेतला, आपल्या खणात टाकला आणि स्वस्थ बसून राहिल्या.

"काय बघायचंय, बाई?"

"कुपी बघ."

...

काळी गुठळी काचेवरून घसरली आणि तळाशी बसली. फुटली मात्र नाही. चुंबक गेला तरी ते मोठे कण स्वतःच चुंबक बनून एकमेकांना घट्ट धरून होते.

विश्वजितचा चेहरा उतरला. पहिले दोन सेकंद त्याने शेकडो वेळा डोळे भरून पाहिले होते. पुढचं बघावं असं त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"हलवलं की सुटतात," तो घाईने म्हणाला आणि कुपी उचलायला गेला.

"सशाच्या कानातली शीर केवढी?"

"सुतळीहून बारीक."

"आणि पुढे, फुप्फुसातली?"

"केसाहून..."

"तिथे गुठळी अडकली तर कोण जाणार हलवायला?"

...

त्याला लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला. "पण कण लहान केले तर ओढ कमी होईल, बाई! मग मलाही बारा सेकंद लागतील!"

"लागू देत."

त्या अगदी सहज म्हणाल्या. लहान कणांनीही ह्याला हे जमणारच, ह्याबद्दल त्यांच्या मनात काडीची शंका नसावी. ते ऐकून विश्वजितचा राग निवळला.

मग सही नसलेला कागद त्याने स्वतःच उचलला आणि घडी करून खिशात ठेवला. उद्या ससे नाहीत. दारापर्यंत जाऊन तो परत फिरला.

"बाई, माझा चुंबक..."

"राहू दे माझ्यापाशी. तो नसताना कसं राहायचं, ते आधी शिकव तुझ्या कणांना."