मांडवातली स्थळं

वधूवर मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब घारपुरे यांचा शब्द म्हणजे कायदा. त्यांनी फर्मावलं, “प्रोग्राम आणि स्थळांची माहिती एकाच फोल्डरमध्ये ठेवा. वेगळी चूल नको.”

मंडळाच्या संगणकात प्रोग्राम बसवायला आलेल्या शर्वाणीला पुढची आपत्ती दिसत होती. पण वाद न घालता तिने विचारलं, “लग्न उरकलं की मांडवाचं काय करता?”

“सोडतो. पुढच्या लग्नाला नवा घालतो.”

“आणि नवरा-नवरी?”

“त्यांना मांडवात कोण ठेवतं? ती घरी जातात.”

“प्रोग्राम म्हणजे मांडव, बापूसाहेब. नवा आला की जुना उतरवतात. स्थळं त्यातच राहिली, तर तीही गुंडाळली जातील.”



“स्थळांची चूल वेगळी मांडा,” बापूसाहेब म्हणाले. “आणि मांडवापासून लांब. कापड पेट घेतं.”