तांबड्या वाइनला मासळी

“मासळी आणू नकोस, एवढंच तर सांगायचं होतं त्याला! त्यात लाज कसली, फादर?”

सांतानच्या पडवीतल्या खुर्चीत फादर इनास डोळे मिटून बसले होते.

“मी निरोप दिला नाही,” ते म्हणाले.

सांतानने कपाळावर हात मारला. लहानपणी वेदीपाशी घंटी वाजवायला याच फादरांनी त्याला शिकवलं होतं. पुढे तो बोटीवर गेला, मोठमोठ्या साहेबांना वाइन पाजता पाजता त्यातला उस्ताद झाला आणि आता आपल्या गावी, पाचूबंदरात परतला होता. उस्ताद माणसाची एक अडचण असते बघा, त्याला घरातलं कुणी विचारत नाही.

“ही बाटली इटलीच्या दक्षिणेची, फादर. समुद्राकाठच्या तापलेल्या उतारावरची द्राक्षं. तुरट, दांडगी वाइन. सकाळीच बूच काढून ठेवलंय, म्हणजे वारा लागून जरा निवळेल.”

“मीही रोज सकाळी वाइन घेतो.”

“वेदीवरची, मिस्साची? ते सरबत, फादर!”

फादर हसले.

“हिला चरबी लागते,” सांतान बोटं नाचवत म्हणाला. “निखाऱ्यावरचं मटण, डुकराचं इंदेल, जुनं खारट चीज… अहो, भाजलेलं वांगंसुद्धा चालेल! पण मासळी? गंजका खिळा चोखल्यासारखं लागतं.”

“आणि बस्त्याव?”

सांतानची नाचणारी बोटं थांबली.

बस्त्याव त्याचा थोरला भाऊ. आई गेली तेव्हा सांतानची बोट भर समुद्रात होती, त्याला मातीला पोचता आलं नाही. तेव्हापासून बस्त्याव त्याच्याशी बोलला नव्हता. आज फादरांच्या शब्दाखातर जेवायला येत होता. सांतानने त्याच्यासाठी पहाटेपासून मटण शिजवलं होतं आणि पेटीतली सगळ्यात भारी बाटली काढली होती.

“दादाला कळू दे, मी तिकडे नुसती भांडी घासत नव्हतो,” तो पुटपुटला.



एवढ्यात फाटक वाजलं. फडक्यात गुंडाळलेला टोप दोन्ही हातांत धरून बस्त्याव पायरीशी उभा राहिला. हा माणूस बोलायला महाकंजूष. कुणाशी गोडी करायची झाली की स्वतः मारलेली घोळ मासळी घेऊन त्याच्या दारात जायचा, बस्स.

“घोळीचं कालवण आहे,” तो म्हणाला. “कुठे ठेवू?”

सांतानने फादरांकडे पाहिलं. फादर छताकडे बघत होते.

“दादा, तसं नाही… पण या वाइनबरोबर मासळी जात नाही रे. उद्या खाऊ ना. आज मी मटण केलंय.”

बस्त्यावने टोपावरचं फडकं नीट केलं आणि तो वळला.

“थांब रे!” फादर ओरडले. “अरे, मला भूक लागलीय. तुमचं काय ते नंतर बघा.”

त्यांनी मेजावरची ताटली उचलली आणि बस्त्यावपुढे धरली. बस्त्यावने पायरीवरच टोप टेकवला आणि एक तुकडी वाढली. फादरांनी ती खाल्ली, बोटं चाटली. मग सांतानचा भरलेला ग्लास उचलून एक मोठा घोट घेतला.

त्यांचं तोंड असं वाकडं झालं की बस्त्यावला हसू आवरेना.

“कशी लागली?” सांतानने विचारलं.

“गंजका खिळा,” फादर म्हणाले. “अगदी तू सांगितलास तसा.”

“बघा! बघ दादा! केव्हापासून मी हेच सांगतोय, पण या घरात माझं कुणी ऐकेल तर शपथ!”

फादरांनी तोंड पुसलं. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात ग्लास… दोन्ही हात दोघांपुढे केले.

“बस्त्याव, अजून एक तुकडी वाढ. आणि सांतान, तू ओत.”