दोन तारांचा पीळ

एकदा एका वृद्ध अभियंत्याच्या शिष्येने डोंगरावरील आरोग्य उपकेंद्रात सौरविजेची यंत्रणा उभारली. एका कपाटात एकीकडे बॅटरी, दुसरीकडे इन्व्हर्टर. आणि दोघांनी एकमेकांची अखंड विचारपूस करावी म्हणून मध्ये दोन बारीक तारा. निरोप तुटला, की बॅटरी सुरक्षेसाठी स्वतःला बंद करून घेई. नेमके तेच घडत होते. पाण्याचा पंप सुरू झाला, की निरोप तुटे आणि लसींचा फ्रीज बंद पडे.

“मॅडम, कपाट नवरीसारखं सजवलंत,” परिचारिका म्हणाली. “पण दुपारपर्यंत हे थांबलं नाही, तर लसी तालुक्याला परत. उद्या साठ लेकरं येतील, त्यांना काय कपाट दाखवू?”

सकाळपासून झुंजणारी शिष्या मदतीला आलेल्या गुरूंकडे वळली. “सर, निरोप तुटल्यावर बॅटरी एक सेकंद वाट पाहते. ती मुदत दहा सेकंद करू का? पंप सुरू होतानाचा गोंधळ तेवढ्यात ओसरेल.”

“म्हणजे पहारेकऱ्याला डुलकीची मुभा! नको.”

एवढे बोलून गुरूंनी कात्री घेतली आणि दोन दिवस खपून तिने बांधलेल्या तारांच्या जुडीचे बंध कापून टाकले. जाड वीजतारांना बिलगून सरळ गेलेल्या त्या दोन बारीक तारा त्यांनी बाहेर ओढल्या, एकमेकींभोवती घट्ट पिळल्या आणि कपाटाच्या दुसऱ्या कडेने नेल्या. कपाट पार विस्कटले. शिष्येचा चेहरा उतरला.

“सर, इतकी सुबक जुडी...”

“सुबक होती, म्हणूनच तुला तिचा संशय आला नाही. पंप सुरू झाला, की जाड तारांतला प्रवाह उसळतो. तो त्यांचा धर्म आहे, दोष नव्हे. त्यांच्याच कुशीत तू निरोप निजवलास. आधी अंतर राख. तरीही थोडा उपद्रव पोहोचेलच. तो एकीला कमी, एकीला जास्त झाला, तर निरोप बिघडतो. पीळ दिला, की दोघींना सारखाच होतो. आणि ऐकणारा केवळ दोघींतला फरक वाचतो. दोघींनी सारखे सोसलेले निरोपात उतरत नाही.”

पंप सुरू झाला. फ्रीज चालूच राहिला. परिचारिका लसींची पेटी आणायला उठली, तोच शिष्येने हात आडवा केला.

“थांबा, सिस्टर. एकदा चालले, एवढ्यावर मी लसी ठेवू देणार नाही.”

“आता काय पंपाला ओवाळायचं राहिलंय?”

शिष्येने पंप बंद केला, पुन्हा सुरू केला. असे वीस वेळा. प्रत्येक वेळी तिने इन्व्हर्टरच्या पडद्यावरचे निरोप मोजले. एकही हरवला नव्हता. काही विचारावे म्हणून ती वळली, तर गुरू केव्हाच बाहेर पायरीवर जाऊन बसले होते.

क्षणभर तिने त्यांच्या पाठीकडे पाहिले. मग परिचारिकेला म्हणाली, “आता ठेवा.”