तान्हाईची खिंड

हिवरतळ्याच्या माळावर जायला एकच वाट आहे. दोन्ही बाजूंना कडा आणि मधे दोन बैलगाड्या जातील एवढी खिंड. वर एक गुंठाही कुणाच्या नावावर नाही, सगळे नुसते गवत. खिंडीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा दिसला तर पाहुण्यांनी तो नादुरुस्त आहे असे समजू नये. गवत आणायला गेलेल्या माणसाने तो खाली ठेवला आहे आणि भारे डोक्यावरून आणणार आहे. अंगात ताकद आणि घरी ट्रॉली असलेला माणूस असा का वागतो, हे नवख्याला कळत नाही. मग सांगावे लागते. तळ्याच्या काठाला जानाईचे देऊळ आहे, तिथे बसून सांगितलेले बरे, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते.

फार जुन्या काळची गोष्ट. गावात तेव्हा शेती असलेले बत्तीस उंबरे होते असे सांगतात. खाली काळी जमीन, मधे तळे आणि तळ्याच्या डोक्यावर हा माळ. तळ्याच्या पाटावर खालची ज्वारी पिकायची, माळावर सगळ्यांची गुरे चरायची. पण घरोघरी तोंडे वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि एकेकाच्या वाट्याला काळीतली पट्टी तेवढी राहिली. तेव्हा हैबती पाटलाने चावडीवर विषय काढला की माळ फोडून नांगराखाली आणू आणि त्याचे बत्तीस वाटे करू. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. अडचण एकच होती, वाटे पाडायचे कुणी? ज्याच्या हातात दोर तो आपल्याकडे ओढणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. स्वतःवरूनच ठाऊक होते.

बिनजमिनीचा माणूस शोधायचे ठरले. लोहार नको, कारण नवी जमीन म्हणजे नवे फाळ. सुतार नको, कारण नवे नांगर. राहता राहिली तान्हू कुंभारीण. नांगर चालला काय आणि न चालला काय, तिची मडकी तेवढीच खपणार. तान्हूचा नवरा कधीच गेला होता. ती एकटी चाक फिरवायची, तळ्याच्या काठची माती खणायची आणि पीक निघाले की खळ्याखळ्यावर जाऊन पदर पसरायची. बलुते तिच्या हक्काचेच होते, पण तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी यायची. भर उन्हात उभे राहून, मालकाचे लक्ष जाईपर्यंत थांबून, सूपभर ज्वारी घरी आणायची. आपली स्वतःची मूठभर जमीन असावी, तिच्यातली ज्वारी कुणाला न मागता दळावी, एवढेच तिच्या मनात होते. नवराही तेच म्हणत मेला होता.

पाटलाने तिला बोलावले. "कुंभारणी, माळ मोजून दे. मजुरी म्हणून तेहतिसावा वाटा तुझा, आणि पहिली निवड बी तुझीच." कुणाला शंका नको म्हणून त्याने जानाईपुढे भंडारा उचलला. तान्हू ज्या तुकड्यावर बोट ठेवील त्यावर तिच्या परवानगीवाचून कुणीही पाऊल टाकणार नाही, खुद्द पाटीलसुद्धा नाही, अशी शपथ घेतली. तान्हू घरी आली ती रडतच, आनंदाने.

दुसऱ्या दिवसापासून ती चऱ्हाट घेऊन माळ मोजू लागली. चुन्याचे दगड मांडत जायची. पहिल्याच दिवशी तिने आपला तुकडा हेरून ठेवला म्हणे. बोरीच्या झाडाजवळचा, कोपरभर खोल मातीचा. माती हातात घेऊन चुरायची तर तिला सवयच होती. इथे ज्वारी, बांधाला तूर, असे तिचे मनात पेरूनही झाले.

चौथ्या दिवशी दोर माळाच्या कोपऱ्यावर आला. दोन वर्षांमागे पाटलाच्या चुलतभावाने तेवढा कोपरा गुपचूप नांगरला होता. एकदा पीक काढले आणि सोडून दिला. तिथे गवत परत आलेच नव्हते. जमिनीला घळ पडली होती आणि घळीत तांबडे खडे. तान्हू घळीच्या कडेकडेने कड्याच्या टोकापर्यंत गेली. तिथून घळीचे पाणी कड्यावरून थेट तळ्यात उतरत होते, आणि तेही नेमके जिथे ती माती खणायची त्या जागी.

तान्हू तिथेच बसली. दोन वर्षे तिचा आवा बिघडत होता. मडकी भाजताना तडकत होती आणि मातीत खडे कुठून येतात ते तिला समजत नव्हते. ती रोज जानाईला कौल लावत होती, कुणाची नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळत होती. आता तिला दिसले. वर गवत होते तोवर पाणी गाळून खाली यायचे. एवढासा कोपरा नांगरला तर तळ्याच्या एका काठाला हातभर गाळ बसला होता. सगळा माळ नांगरला तर तळे किती वर्षे टिकेल, हा हिशेब करायला तिला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

तिने पाटलाला जाऊन सांगितले. तो हसला. "तुझी गाडगी फुटली म्हणून गावानं उपाशी ऱ्हायाचं व्हय?" बाकीच्यांनी तर पुरते ऐकूनही घेतले नाही. तिने आणखी दोघातिघांची दारे पाहिली आणि मग बोलणे सोडून दिले. मोजणी मात्र चोख पुरी केली.

निवडीचा दिवस आला. सगळे गाव माळावर जमले. तान्हू बोरीपाशी गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली असे सांगतात. लोकांनी ओळखले की ही हाच घेणार, आणि दोघाचौघांची तोंडे कडू झाली. मग ती वळली आणि माळ उतरून चालू लागली. खिंडीत येऊन तिने धोंड्यांवर आणि निवडुंगावर बोट ठेवले. "ह्यो माझा वाटा."

लोक पोट धरधरून हसले. बाईमाणसाला जमिनीतले काय कळणार, असेही कुणी म्हणाले. पाटलाने घाईघाईने मान्य केले, हो, तिने मन बदलायला नको.

नांगरटीला बत्तीस नांगर वर निघाले तेव्हा खिंडीच्या मधोमध तान्हू बसली होती. ती म्हणाली, "गुरं जाऊंद्या, शेरडं जाऊंद्या, माणसं जाऊंद्या. माझ्या जमिनीवरनं नांगर न्हाई जायाचा. वढून न्हाई आन् खांद्यावरनं बी न्हाई." तेव्हा कुठे लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. आरडाओरडा झाला, शिव्या झाल्या. पाटील लालबुंद झाला, पण भंडारा त्यानेच उचलला होता. जानाईची शपथ मोडायची छाती त्याच्यात नव्हती. एकाने नांगर सुटा करून सरपण म्हणून नेऊन पाहिला. तान्हू त्याला म्हणाली, "बाबा, लाकडं माळावरनं खाली येत्यात. वर जाताना कुणी पाहिलीत?" त्या भांडणात पहिल्यांदा कुणीतरी हसले. पण नांगर मागे फिरले.

पुढची दोन वर्षे तिचे हाल झाले. गावाने तिची मडकी घेणे बंद केले, बाजारच्या गावाहून आणली. खळ्यावर तिला उभे करेनात. तिने रानातल्या तरोट्याचा पाला शिजवून खाल्ला, परगावात डोक्यावरून गाडगी विकली, आणि नांगरटीचे दिवस आले की खिंडीत येऊन बसली. हे सांगताना आमच्या गावातली माणसे आजही मान खाली घालतात. घालायलाच हवी.

तिसऱ्या वर्षी पाऊस आला तसा गेला. शेजारच्या गावांनी आपापले उतार कधीच फोडले होते, त्यांची तळी गाळाने भरली होती. पौषातच त्यांना तळ दिसला. माणसे गुरे सोडून देशोधडीला लागली. हिवरतळ्याचे पाणी मात्र चैत्रातही नितळ होते. काळीतली ज्वारी थोडी का होईना, हाती आली. एकही बैल दगावला नाही. हैबती पाटील रोज संध्याकाळी बैल पाण्यावर न्यायचा. एके दिवशी बैल पीत होते आणि तो काठावर बसून राहिला. पाण्यात त्याला तळाचे खडे मोजता येत होते. तो उठला, खळ्यावर गेला, स्वतः सूप भरले आणि कुंभारवाड्याची वाट धरली. त्याला पाहून एकेक उंबरा मागून निघाला.

तान्हू दारात आली. पाटलाने सूप तिच्या उंबऱ्यावर ठेवले. "तान्हाई, चुकलं. तळ्याखालची माझी दोन बिघं आजपासनं तुझी."

काळी जमीन होती ती, पाटाखालची. तरी तान्हू म्हणाली, "जमीन नगं पाटील. हाय ती खिंड बी घ्या, आन् जानाईच्या नावानं लावा. माझ्या माघारी तुमच्यासारकंच कुणी शहाणं तिचं मालक झालं म्हंजे?"

"मग तुला द्यावं तरी काय?"

"खळ्यावर पदर पसरायचा कटाळा आलाय बघा," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

त्या दिवसापासून तान्हूचे सूप सगळ्यांत आधी तिच्या उंबऱ्यावर जाऊ लागले. खिंड जानाईची झाली, आणि तिथून नांगर जात नाही, म्हणून नांगर ओढणारा ट्रॅक्टरही नाही. अलीकडे माळावर खडी काढायची, प्लॉट पाडायचे असे विषय ग्रामसभेत दोनदा आले. आमच्याकडे माळाचा विषय निघाला की पहिल्यांदा बोलायचा मान ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचा असतो. त्याचे बोलून होईस्तोवर बाकीच्यांनी गप्प बसायचे. दोन्ही वेळा माळ राहिला.

आता गावात कुंभाराचे घर उरलेले नाही. तरी फाल्गुनात खळी लागली की पहिले सूप आजही बिनजमिनीच्या घरी जाते. गेल्या साली ते शिवणकाम करणाऱ्या शेवंताबाईंकडे गेले, त्याआधी भाड्याने राहणाऱ्या मास्तरांकडे. न्यायला मालकाने स्वतः जायचे, गडी पाठवायचा नाही. घरातल्याने काही मागायचे नाही आणि उपकार झाले असे म्हणायचे नाही. सूप उंबऱ्यावर ठेवून हात जोडतो तो देणारा.